उभ्या गाडीचे तास

१

सीताराम मिस्त्री एकदा गाडीखाली शिरला की अर्धा तास बाहेर येत नसे, आणि बाहेर आला की पहिल्यांदा गाडीच्या मालकाची खरडपट्टी काढत असे. त्या दिवशी तो दहाच मिनिटांत बाहेर आला. खरडपट्टी न काढता हात पुसत गाडीकडे बघत राहिला.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख होता. लोणावळ्याच्या बाजारामागे सीतारामचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्याच्या दारात औंढ्याचे दोघे भाऊ उभे होते. थोरला रखमाजी अठरा वर्षं लोकांचे ट्रक चालवून कंटाळलेला, धाकटा महिपती कशालाच न कंटाळणारा. दोघांना मिळून एक गाडी घ्यायची होती. गाडी म्हणजे घोडा. ज्याला मागे लांब ट्रेलर जोडतात त्या पुढच्या, ओढणाऱ्या भागाला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. पवन मावळात वीज चालली होती, आणि विजेचे खांब साध्या ट्रकात मावत नव्हते. ज्याच्या दारी घोडा, त्याला तीन वर्षं मरायला फुरसत मिळणार नव्हती.

हा घोडा धरणाच्या कामावरचा. काम संपलं, कंत्राटदारानं यंत्रं विकायला काढली. टायर बरे, सांगाडा नवा वाटावा असा, रंगसुद्धा फारसा उडालेला नाही.

"मैल किती पडलेत?" सीतारामनं शेवटी तोंड उघडलं.

"बारा हजार," रखमाजी म्हणाला.

"आणि हे बघितलंत का?"

मैलाच्या काट्याशेजारी आणखी एक छोटं मीटर बसवलेलं होतं. कामावर डिझेल मैलांवर मिळत नसे, इंजिन किती तास चाललं त्यावर मिळे. त्यासाठी हे तासांचं मीटर. इंजिन सुरू झालं की ते फिरायचं, बंद झालं की थांबायचं. आकडा होता नऊ हजार सहाशे.

सीतारामनं खडू घेतला आणि बॉनेटवरच हिशेब मांडला. "बारा हजार मैल, ताशी पंधराच्या चालीनं धरले तरी आठशे तास होतात. उरले आठ हजार आठशे. तेवढे तास ही गाडी चालू होती रखमाजीराव, पण हलली नाही."

"डायवर झोपला असंल," महिपती हसला.

"कुंभकर्ण होता का रे तो? वर्षभर, रात्रंदिवस झोपला तर एवढे तास भरतील. नाहीतर मग आठ वर्षं, रोज तीन तास." सीतारामनं खडू खिशात टाकला. "टायर बघून गाडी घेणारा असाच फसतो. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचं इंजिन जास्त खराब होतं. ते नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आत काजळी धरते. पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील. बाकी गाडी चांगली आहे. पण एवढा वेळ उभं राहून करत काय होता हा माणूस?"

रखमाजी केबिनमध्ये चढला. ड्रायव्हरची सीट बसून बसून खोल गेलेली. डावीकडची सीट मात्र कोरी, जणू तिच्यावर कोणी कधी टेकलंच नव्हतं. तिच्यावर एक घोंगडं व्यवस्थित घडी करून ठेवलेलं होतं.

रखमाजीला एक खोड होती. बंद पेटी दिसली की आत काय आहे हे कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. खरं सांगायचं तर त्याला गाडी आवडलीच होती, पण गाडीपेक्षाही ते आठ हजार आठशे तास जास्त आवडले. शहाण्या माणसानं तिथूनच रामराम ठोकला असता.

२

ताब्यात घ्यायला दोघे धरणावर गेले तेव्हा जुना ड्रायव्हर तिथेच होता. गोविंदा त्याचं नाव. डोंगरावरच्या कुठल्याशा वाडीतला, अंगानं काटकुळा, एक पाय ओढत चालणारा. गाडी विकली गेली म्हणून त्याची नोकरीही संपली होती, तरी तो फडकं घेऊन काच पुसत होता. सासरी निघालेल्या लेकीची वेणी घालावी तसा.

"भाऊ," रखमाजीनं विचारलं, "ही गाडी एवढी उभी का राहायची?"

गोविंदानं आधी हातातलं काम संपवलं. काच पुसून झाल्यावर म्हणाला, "तुमी खांब घिऊन औंढ्याच्या पल्याडच्या खिंडीतनंच येनार-जानार न्हवं?"

"व्हय. दुसरा रस्ता कुटं हाय?"

"मग एक करा. खिंडीत उजव्या अंगाला सपाटी हाय. रिकामं परतताना तितं पाच मिन्टं गाडी उभी करा. बंद करू नगा, चालूच ठिवा. पाच मिन्टं, बास."

"कशासाठी?"

"एक मानूस यायचाय. येतो म्हनलाय." आणि डावीकडच्या सीटकडे बोट दाखवून तो म्हणाला, "त्ये घोंगडं तेवढं ऱ्हाऊ द्या."

महिपतीनं हसून शब्द देऊन टाकला. देण्याघेण्याच्या बाबतीत तो नेहमीच उदार होता. पाच मिनिटांनी कोणाचं काय जातंय?

३

तसं बघितलं तर मागणी वेडीवाकडी नव्हती. मावळात पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरचा बैल दिसत नाही. अशा वेळी डोंगरावरचा माणूस गाडीच्या आवाजाच्या रोखानं खाली येतो. गाडी उभी आणि इंजिन चालू, याचा अर्थ 'ये, थांबलोय'. आवाज बंद झाला की गाडी गेली. हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

रखमाजीला जरा जास्तच ठाऊक होतं. अकरा वर्षांचा असताना तो वरून दुधाची कासंडी घेऊन सडकेवर यायचा. दुधाच्या लॉरीवाला त्याच्यासाठी इंजिन चालू ठेवायचा. एके दिवशी त्यानं डिझेल वाचवायला ते बंद केलं. आवाज गेला आणि रखमाजीची वाट गेली. त्याचा एक पाय हवेत पडला, हातातली कासंडी सुटली, आणि ती कड्यावरून आपटत जाण्याचा आवाज त्यानं बराच वेळ ऐकला. तेव्हापासून त्याचा नेम होता: धुक्यात कोणी उतरत असेल तर गाडी बंद करायची नाही, मग टाकी रिकामी झाली तरी बेहत्तर. आई गेल्यावर महिपतीला त्यानंच लहानाचा मोठा केला, गाडी शिकवली, आणि क्लचच्याही आधी हा नेम शिकवला.

तर गाडी चालू लागली. एक दिवस रखमाजी, एक दिवस महिपती. लोणावळ्याच्या यार्डात मजूर खांब चढवून देत, पलीकडच्या गावात दुसरे मजूर उतरवून घेत. परतताना गाडीत एकटा ड्रायव्हर. खिंडीत पाच मिनिटं थांबायचं, बिडी ओढायची, निघायचं.

पहिला महिना काहीच झालं नाही. आषाढ लागला, खिंडीत धुकं बसलं, आणि एका दुपारी रखमाजीला आवाज ऐकू आला. करकर, करकर. खूप वर, डोंगराच्या माथ्याकडे. मग थांबला.

त्यानं पाचाची दहा मिनिटं केली. पुन्हा करकर. त्याला गंमत वाटली. माणूस असता तर हाक आली असती, म्हणून त्यानं इंजिन बंद केलं, करकर बंद. चालू केलं, जरा वेळानं करकर चालू. तीनदा करून बघितलं, तिन्हीदा तेच.

'म्हणजे गाडीतलंच काहीतरी वाजतंय,' रखमाजीनं ठरवलं. इंजिन थरथरतं, त्यानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरतात, आणि धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. समोरची डोंगराची भिंत आवाज परत फेकते. सगळं कसं सरळ होतं. त्यानं सीतारामकडून पाट्यांना ग्रीस मारून घेतलं, दरवाज्याच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्या खेपेला करकर आली ती डोंगराच्या मध्यावरून.

त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून खालून. ग्रीस मारलेले पाटे डोंगर उतरत नाहीत, एवढं रखमाजीलाही कळत होतं. त्यानं बिडी विझवली आणि गाडी काढली. पण घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात भीतीपेक्षा एकच प्रश्न घोळत होता: अजून पाच मिनिटं थांबलो असतो तर?

४

श्रावणात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. महिपतीच्या दिवशी तासांचं मीटर जास्त फिरत होतं. जायला-यायला मिळून चार तासांची खेप, आणि आकडा मात्र सातानं पुढे.

"खिंडीत किती थांबतोस रे?" त्यानं जेवताना विचारलं.

"पाच-दहा मिन्टं," महिपती म्हणाला. त्याच्या बायकोनं, हिरानं, भाकरी वाढता वाढता मान वर केली.

"भाऊजी, दिवस मावळल्यावर घरी येतात हे. कालवण तीनदा तापवते मी."

महिपतीनं भावाकडे चोरट्या नजरेनं बघितलं. "दादा, तुला ऐकू येतंय न्हवं?"

"काय?"

"वहाना वाजत्यात कुनाच्या तरी. नव्या हायत, म्हनून करकरत्यात."

रखमाजीनं हातातला घास ताटात ठेवला. दोन महिने तो पाटे, बिजागऱ्या आणि डोंगराची भिंत धुंडाळत होता, आणि या पोरानं एका वाक्यात ते सांगून टाकलं. आणि ते बरोबर होतं. नवी वहाण तशीच वाजते, हे रखमाजीच्या कानाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"उद्यापासनं थांबायचं न्हाई," तो म्हणाला.

"का? मानूस धडपडत उतरतोय अन् आपन निघून जायचं?" महिपती दुखावल्यासारखा झाला. "तूच शिकवलंस की मला. लय जवळ आलाय त्यो, दादा. काल तर खोकल्याचा आवाज आला."

"डोंगर उतराया कुनाला दोन महिने लागत्यात का रं?"

महिपतीनं ताटातली भाकरी मोडली. शब्द तर त्यानं आधीच दिलेला होता.

५

दुसऱ्या दिवशी गाडी महिपतीकडे होती. रखमाजीनं सकाळची आगगाडी पकडली, मळवलीला उतरला आणि चालत भाजे गावाला गेला. गोविंदा तिथे कोणाच्या तरी शेतावर मजुरीला राहिल्याचं कळलं होतं. तो बांधावर पाय पसरून बसलेला सापडला.

"भाऊ, कोन यायचाय ते आज सांगा," रखमाजी उभ्या उभ्याच म्हणाला.

गोविंदाचे डोळे एकदम चमकले. "आवाज आला का?"

"वहाना वाजत्यात."

गोविंदानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग तो आपण होऊन बोलायला लागला.

"माजा थोरला भाऊ, शिदू. आठ वर्सं झाली. बाजाराचा दिवस हुता. त्यानं लोनावळ्यात नव्या वहाना घेतल्या अन् माज्या गाडीत बसून यायला निगाला. खिंडीत हे धुकं. मी जरा गाडी उभी केली. वरनं कुनीतरी उतरतंय असं वाटलं. शिदू म्हनला, वाट चुकलं असंल बिचारं, मी आनतो त्याला. घोंगडं हितंच टाकलं, म्हनला गाडी बंद करू नगंस, पाच मिन्टांत येतो."

"मग?"

"मग काय? मी बंद केली न्हाई."

रखमाजी ऐकत होता. आठ वर्षं, रोज तीन तास. सीतारामचा खडू बॉनेटवर बरोबर चालला होता.

"बंद कशी करू?" गोविंदा म्हणाला. "आवाज गेला तर त्याची वाट जानार. रोज वाटायचं, आज येईल. मग गाडी इकली. मला वाटलं, तुमी घेताय तर आवाज तरी ऱ्हाईल."

"अन् त्यो ज्याला आनाया गेला, त्यो कोन हुता?"

"काय म्हाईत. करकर न्हवती त्याची. नुसते दगड सरकायचे." गोविंदानं रखमाजीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आज खिंडीत कोन हाय?"

रखमाजीला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि तिच्याबरोबर गोविंदाचा संतापही आला. पण शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. तो पळत सुटला.

६

मळवलीहून लोणावळा, लोणावळ्याहून दुधाच्या एका लॉरीत औंढं, आणि पुढची चढण पायी. खिंडीत पोचला तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. धुकं पांढरंशुभ्र, उजेडानं भरलेलं. गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला. उभ्या उभ्या चाललेलं इंजिन, संथ, एका लयीत.

केबिन रिकामी होती. डावीकडचा दरवाजा सताड उघडा. घोंगडं जागच्या जागी.

"महिपतीऽऽ!"

"दादा?" आवाज वरून आला, फार लांबून नाही. खुशीत होता. "बरं झालं आलास! मानूस हाय रं हितं. पाय घसरतोय त्याचा. घिऊन येतो. बंद करू नगंस हां!"

"तू खाली ये! त्याला राहू दे, तू ये!"

"आलोच. पाच मिन्टं."

रखमाजी ड्रायव्हरच्या सीटवर चढला. सीटच्या खोलगट जागेत तो बरोबर मावला. इंजिन बंद करायच्या खटक्यावर त्यानं बोटं ठेवली. बंद केलं तर वर जे काही होतं त्याची वाट चुकली असती, कायमची. पण त्याच वाटेवर महिपती होता, आणि पलीकडे कडा होता. कासंडीचा तो आवाज त्याला स्पष्ट आठवला. वर जाऊन भावाला ओढून आणावं, असंही मनात आलं. शिदूच्याही मनात असंच काहीतरी आलं असेल.

त्यानं खटक्यावरची बोटं काढली.

करकर सुरू झाली. आता ती लांब नव्हती, अडखळतही नव्हती. वाट ठाऊक असलेल्या माणसासारखी उतरत होती. रखमाजी कानानं दुसरी पावलं शोधत होता. मग त्याला आठवलं, महिपतीच्या पायात टायरच्या चपला होत्या. त्यांचा आवाज होत नाही.

करकर डाव्या दाराशी थांबली. गाडी एका बाजूला थोडी कलली. कोणीतरी चढून सीटवर बसलं, आणि केबिनमध्ये कोऱ्या चामड्याचा वास भरला.

रखमाजीनं मान वळवली नाही. नजर तेवढी खाली सोडली. दोन पाय होते, चिखलाचा ठिपका नसलेले. वहाणा लाल, कोऱ्या. तळाच्या कडेला दुकानदारानं खडूनं घातलेला आकडा अजून पुसलेला नव्हता. दोन हात पुढे आले, मांडीवरचं घोंगडं उलगडून घेतलं गेलं.

"लय वेळ थांबावं लागलं का?" शेजारून आवाज आला. साधा, जरा दमलेला, बाजारातून आलेल्या माणसाचा.

"महिपती कुटं हाय?"

"त्यो व्हय? लय भला मानूस. मला वाटंला लावलं अन् म्हनला, मागनं अजून कुनीतरी उतरतंय, वाट चुकलं असंल, त्याला घिऊन येतो."

वर कुठेतरी एक दगड सरकला. मग आणखी एक. करकर नव्हती.

समोर तासांच्या मीटरचा शेवटचा आकडा हळूच फिरला आणि त्याच्या जागी दुसरा आला. रखमाजीला हिरा आठवली, तिनं तीनदा तापवलेलं कालवण आठवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यानं पुसलं नाही. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्यानं त्यानं इंजिनाची रेस थोडी वाढवली, वरपर्यंत ऐकू जावी एवढी.

"चला की, भाऊ," शेजारचा म्हणाला. "माजा भाऊ वाट बघत असंल."

"थांबा जरा," रखमाजी म्हणाला. "पाच मिन्टं."